दोष सापडला, आता सांगायचा कुणाला?

पोर्टबावीस

गप्पांच्या धाग्यावर परवा एकाने लिहिलं की हॅकर म्हणजे चोर, आणि 'चांगला हॅकर' ही चोरांनीच केलेली स्वतःची जाहिरात. तिथे उत्तर देत बसलो असतो तर मूळ विषय (पुण्यातली मिसळ) बाजूला पडला असता, म्हणून वेगळा धागा. व्याख्यांचा कीस काढायचा नाही. एक घडलेलं प्रकरण सांगतो, मग खुशाल भांडा.

२००८ साल. डॅन कमिन्स्की, वय २९, अमेरिकन. नेटवर्कच्या आतल्या भागात नाक खुपसायची जुनी सवय. तीन वर्षांपूर्वी त्याने सोनीला अडचणीत आणलं होतं. गाण्यांच्या सीडीतून एक सॉफ्टवेअर लोकांच्या संगणकात गुपचूप शिरत होतं, आणि ते किमान ५,६८,२०० नेटवर्कांपर्यंत पोचलंय हे याने डीएनएस सर्व्हरांना प्रश्न विचारून विचारून मोजलं. आता त्याला खुद्द डीएनएसमध्येच भोक सापडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपण ब्राउझरमध्ये बँकेचं नाव टाकतो, पण यंत्राला आकडे लागतात. नावावरून आकडा काढून देण्याचं काम डीएनएसचं. तुमच्या इंटरनेटवाल्याचा सर्व्हर पुढच्या सर्व्हरला विचारतो, उत्तर आलं की काही काळ जपून ठेवतो. उत्तर खऱ्याच सर्व्हरकडून आलं हे कशावरून ओळखायचं? प्रश्नासोबत एक क्रमांक जातो, उत्तरात तोच परत यायला हवा. हा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे शक्यता ६५,५३६. बस्स, एवढंच संरक्षण.

खोट्या उत्तरांचा भडिमार केला तर कधीतरी क्रमांक जुळेल, हे जाणकारांना आधीपासून ठाऊक होतं. पण दिलासा असा होता की डाव हुकला तर खरं उत्तर साठवलं जातं आणि त्याची मुदत संपेपर्यंत हल्लेखोराला हात चोळत बसावं लागतं. कमिन्स्कीने ती थांबण्याची अटच उडवली. अस्तित्वातच नसलेली नावं विचारायची. १.अमुकबँक, २.अमुकबँक, ३.अमुकबँक. नाव नवं, म्हणून डावही नवा. आणि खोट्या उत्तरात लिहायचं, 'मला माहीत नाही, अमुक सर्व्हरला विचार, त्याचा पत्ता हा घे.' एकदा क्रमांक जुळला की आख्खं डोमेन हातात. काही सेकंदांचं काम.

म्हणजे तुम्ही पत्ता अगदी बरोबर टाकलात तरी भलत्याच साइटवर पोचणार. तुमच्या मेल भलतीकडे जाणार. 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केल्यावर येणारी मेलसुद्धा.

असलं काही विकायला बाजार तेव्हाही होता. पण याने ते विकलं नाही, पॉल विक्सीला सांगितलं, जो डीएनएस सॉफ्टवेअरच्या जगातला बुजुर्ग. ३१ मार्च २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडच्या आवारात १६ जण गुपचूप भेटले. एरवी एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांची माणसं एका खोलीत बसली, आणि ८ जुलैला सगळ्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती सोडली. प्रश्न कुठल्या पोर्टावरून (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारांपैकी कुठल्या दारातून) गेला हेही आता दर वेळी बदलायचं, म्हणजे हल्लेखोराला एकाऐवजी दोन आकडे जुळवावे लागतील. (ही युक्ती डॅनियल बर्नस्टाइनने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कित्येक वर्षं आधीच घातली होती. फार कुणी मनावर घेतलं नव्हतं.)

कमिन्स्कीची विनंती होती की ऑगस्टमधल्या त्याच्या भाषणापर्यंत कुणी जाहीर तर्क लढवू नका. नेटवर अशी विनंती किती टिकते? २१ जुलैला फुटलंच, आणि थोड्या दिवसांत हल्ल्याचा तयार कोड फिरायला लागला. पण तोवर दुरुस्ती बाजारात येऊन १३ दिवस झाले होते. ज्यांनी ती बसवली ते वाचले. ऑगस्टमध्ये लास व्हेगासला त्याने सगळं उलगडून सांगितलं तेव्हा श्रोत्यांत त्याच्या आजीने भाजलेली बिस्किटं वाटली गेली. आजी आली की आपल्याकडचे वाचक विरघळतात म्हणून नाही सांगत, खरंच वाटली. २०२१ मध्ये, ४२ व्या वर्षी, मधुमेहाने गेला बिचारा.

तर माझं म्हणणं असं. कमिन्स्की सज्जन होता यात वाद नाही, पण नुसत्या सज्जनपणाने काही झालं नसतं. त्याला कुणाला फोन करायचा हे माहीत होतं, आणि पलीकडच्याने फोन उचलून 'बोल' म्हटलं. आपल्याकडे घोडं अडतं ते इथे. मागे भाचीचा निकाल बघताना एका क्लासच्या साइटवर, लिंकमधला शेवटचा आकडा एकने वाढवला तर दुसऱ्याच मुलीचा निकाल, जन्मतारीख आणि वडिलांचा मोबाइल नंबर समोर. लॉगिन नाही, काही नाही. संपर्काच्या पानावरच्या पत्त्यावर मेल टाकली, बाउन्स. फोन केला तर पलीकडून 'तुम्ही कोण? तुम्हाला हे बघायचा अधिकार कुणी दिला?' दोष तसाच राहिला बराच काळ.

आपल्याकडे दोष शोधू शकणारी पोरं ढिगाने आहेत. ऐकणारे कान किती आहेत?

शेवटचा_डबा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. डीएनएसचं इतकं सोपं करून पहिल्यांदाच वाचलं. पुढच्या भागाची वाट बघतोय.

निवृत्त_शाखाधिकारी

लेख माहितीपूर्ण आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मी आयुष्य सहकारी बँकेत काढलं. माझ्या घराची कडी हलवून बघायला तुम्हाला कुणी बोलावलं होतं? 'उघडीच होती हो, मी आत काही घेतलं नाही' हे ऐकून मी तुम्हाला चहा पाजायचा का?

शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडे अशा मेल यायच्या: 'तुमच्या साइटवर गंभीर दोष सापडला आहे, बक्षीस किती ते कळवा, मग सांगतो.' आयटीवाल्या मुलाने बघितलं तर बहुतेक वेळा काहीतरी किरकोळ सेटिंग. संचालक मंडळात मात्र घबराट. पुण्यात २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींहून जास्त गेले. पैसे काढणारे २८ देशांत एकाच वेळी एटीएमवर उभे होते. त्यानंतर 'हॅकर' शब्द ऐकला तरी आमच्या अध्यक्षांचा रक्तदाब वाढायचा. त्यांना दोष देऊ नका.

पोर्टबावीस

साहेब, 'आधी पैसे, मग सांगतो' म्हणणारा माझ्याही लेखी खंडणीखोरच. किंवा स्कॅनर चालवून शंभर ठिकाणी तीच मेल चिकटवणारा भिकारी. त्याला कचरापेटी दाखवा.

पण कॉसमॉसचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने तो हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेलाच त्यांनी बगल दिली, खोट्या यंत्रणेकडून 'हो, द्या पैसे' असं उत्तर देववलं. असल्या टोळीला तुमची परवानगी लागत नाही. परवानगीवाचून अडतो तो फक्त सरळमार्गी माणूस. आणि तुमच्याच कडीचं धरायचं तर, त्या घरात माझ्या भाचीची आणि इतर हजार मुलींची कागदपत्रं ठेवलेली आहेत. मग कडी लागते की नाही हा प्रश्न एकट्या घरमालकाचा राहत नाही.

वकीलीण_बाई

धागाकर्त्याला फुकट सल्ला: भाचीची लिंक उघडलीत तोवर ठीक होतं. आकडा एकने वाढवलात तिथे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ दारात येऊन उभं राहिलं.

जरा सविस्तर सांगते, कारण यावर फार गैरसमज आहेत. कलम ४३ म्हणतं की मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणकात, नेटवर्कमध्ये प्रवेश केला, माहिती उतरवून घेतली, तर नुकसानभरपाई द्यावी लागेल. हेतू चांगला की वाईट हे तिथे विचारलंच जात नाही. कलम ६६ फौजदारी. तीच कृती 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' केली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुमचा हेतू शुद्ध असेल तर ६६ मधून सुटायला वाव आहे. पण सुटणार कोर्टात. तोपर्यंत लॅपटॉप आणि फोन पुराव्यादाखल जप्त, आणि तुमची नोकरी त्या लॅपटॉपवर असेल तर बघा.

कलम ७० त्याहून कडक. सरकारने 'संरक्षित प्रणाली' म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेत शिरायचा नुसता प्रयत्न केला तरी १० वर्षांपर्यंत शिक्षा. आधारची केंद्रीय माहितीपेढी त्यात येते. तिथे 'मी फक्त बघत होतो' हे वाक्य तोंडातून काढू नका.

सांगायला जागाच नाही असं मात्र नाही. सर्ट-इन ही केंद्राची संस्था दोषांची माहिती स्वीकारते आणि संबंधित कंपनीशी बोलते. वीज, बँकिंग, दूरसंचार अशा अतिमहत्त्वाच्या यंत्रणांसाठी एनसीआयआयपीसी आहे, त्यांचाही दोष कळवण्याचा कार्यक्रम चालतो. पण सर्ट-इनला कळवलं म्हणून कलम ४३ तुम्हाला सोडून देईल असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न जपणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आली, ती चांगलीच आहे. दोष दाखवणाऱ्याबद्दल तो कायदाही मूग गिळून बसलाय.

कोरा_चहा

वकीलीण बाई, मग अमेरिकेत काय वेगळं आहे? तिथेही खटले होतातच की.

वकीलीण_बाई

होतात. पण मे २०२२ मध्ये त्यांच्या न्याय खात्याने धोरण जाहीर केलं की सद्भावनेने केलेल्या सुरक्षा संशोधनावर संगणक गैरवापराच्या केंद्रीय कायद्याखाली खटला भरायचा नाही. कायदा बदललेला नाही, सरकारी वकिलांना दिलेली सूचना आहे. पण पोलिसाच्या आणि माणसाच्या मध्ये काहीतरी आहे. बेल्जियमने तर २०२३ पासून ठरावीक अटी पाळणाऱ्याला कायद्यानेच संरक्षण दिलं.

मिसुरीतला_माणूस

अमेरिकेचं फार कौतुक नको, आमच्या मिसुरीची कथा ऐका. ऑक्टोबर २०२१. सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच या वर्तमानपत्राच्या माणसाला राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी नंबर (इथले सरकारी ओळख क्रमांक) दिसले. कुठे? पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये. म्हणजे एफ-१२ दाबा आणि वाचा. अंदाजे लाखभर शिक्षकांचे नंबर. पेपरने खात्याला कळवलं, साइट बंद होईपर्यंत बातमी थांबवली. याहून शहाणं कुणी काय वागणार?

तर गव्हर्नर माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन त्या पत्रकाराला हॅकर ठरवलं, खटला भरू म्हणाले. महिनोन्महिने तपास, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने सांगितलं की खटला भरणार नाही. नंबर पानात कुणी छापले यावर मात्र गव्हर्नरसाहेबांचा आवाज तेवढा चढला नाही. आमच्या ऑफिसात अजून कुणी एफ-१२ दाबलं की 'वकील केलास का?' विचारतात.

शेवटचा_डबा

😂😂 आता राहवत नाही, रेल्वेचा विषय काढतोच.

पोलंडमध्ये नेवाग कंपनीच्या इम्पल्स गाड्या. २०२२ मध्ये लोअर सायलेशिया भागातल्या रेल्वेने त्यांची मोठी देखभाल दुसऱ्या वर्कशॉपला दिली, एसपीएस म्हणून. काम झालं, सगळं जागच्या जागी, आणि गाडी हलेना. एकामागून एक गाड्या अशाच पडून. वैतागून वर्कशॉपवाल्यांनी नेटवर चक्क 'पोलिश हॅकर' शोधले आणि ड्रॅगन सेक्टर नावाच्या गटातली पोरं सापडली. त्यांनी गाडीच्या संगणकातला कोड उलटा वाचून काढला. आत काय, तर जीपीएसचे आकडे! गाडी ठरावीक ठिकाणी बरेच दिवस उभी राहिली तर तिला कुलूप, आणि ती ठिकाणं म्हणजे दुसऱ्यांची वर्कशॉप. कुलूप काढायला ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बटणांची एक गुप्त जोडीसुद्धा. डिसेंबर २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत त्यांनी हे सगळं पडद्यावर दाखवलं. कंपनीने साफ नाकारलं आणि वर पोरांवर दावे लावले.

आता मला सांगा, हे काम कुठला सरकारी इन्स्पेक्टर करणार होता? नाक्यानाक्यावर गाड्या बंद आणि कारण शोधायला तयार कोण, तर फावल्या वेळात कोडी सोडवणारी तीन पोरं.

उरणकर

आमच्याकडचं बोलतो. २७ जून २०१७, नॉटपेट्या हा व्हायरस आला तेव्हा जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल बसलं. मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक झोपले, त्यांच्या गटाचं ते टर्मिनल. ट्रेलरच्या रांगा बाहेर रस्त्यावर. माझ्या मेव्हण्याचे दोन ट्रेलर त्यात होते. ड्रायव्हर म्हणे, गेट बंद का तर युक्रेनमध्ये काहीतरी झालंय. त्याला वाटलं क्लार्क चेष्टा करतोय.

पण त्याच्या मागची गोष्ट धाग्यात यायला हवी. ज्या भोकातून तो (आणि मे महिन्यातला वॉनाक्राय) पसरला, ते विंडोजमधलं भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला वर्षानुवर्षं माहीत होतं. त्यांनी मायक्रोसॉफ्टला सांगितलं नाही, स्वतःसाठी हत्यार करून ठेवलं. हत्यार चोरीला गेलं. मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती आली, एप्रिलमध्ये चोरांनी ते हत्यार नेटवर फुकट टाकलं. कमिन्स्कीने तीन-चार महिन्यांत सांगून टाकलं आणि जग सुटलं. यांनी दडवलं आणि उरणच्या रस्त्यावर ट्रेलर उभे. शाखाधिकारी साहेब, कडी हलवणाऱ्यापेक्षा गुपचूप चावी करून ठेवणारा वाईट.

कोरा_चहा

वॉनाक्राय निघालाच आहे तर मार्कस हचिन्स कसा कुणाला आठवला नाही? इंग्लंडच्या डेव्हनमधलं २२ वर्षांचं पोरगं. १२ मे २०१७ ला सुट्टीवर होता. व्हायरसचा नमुना मिळवून बघितला तर तो एका लांबलचक, निरर्थक नावाच्या डोमेनला हाक मारतोय, आणि ते डोमेन कुणी घेतलेलंच नाही. याने १०.६९ डॉलरला ते नोंदवून टाकलं. व्हायरसमध्ये लिहिलेलं असं की ते डोमेन उत्तर देत असेल तर काही करू नकोस. झालं, पसरणं थांबलं. तोवर दीडशे देशांत धुमाकूळ, ब्रिटनच्या हॉस्पिटलांत ऑपरेशनं रद्द.

तीन महिन्यांनी लास व्हेगासच्या विमानतळावर अटक. काही वर्षांपूर्वी, अल्पवयीन असल्यापासून, त्याने क्रोनोस नावाचा बँका लुटायचा मालवेअर लिहिण्यात हात घातला होता. २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी आणखी तुरुंगवास दिला नाही, भोगली तेवढी कोठडी पुरे म्हणाले.

आता हा माणूस कुठल्या खान्यात टाकायचा? धागाकर्त्याचा कमिन्स्की सोवळा आहे म्हणून त्याच्यावर लेख लिहिणं सोपं. या क्षेत्रातली निम्मी हुशारी हचिन्ससारख्यांकडून आलेली आहे असं मला वाटतं. शिक्षा व्हायलाच हवी होती का, यावर मी स्वतःशीच अजून भांडतोय.

निवृत्त_शाखाधिकारी

शिक्षा व्हायलाच हवी होती. त्याच्या मालवेअरने कुणाची तरी पेन्शन गेली असेल.

आयंडहोवनची_ताई

नेदरलँड्समध्ये सरकारी साइटवर दोष शोधून नियमाने कळवला तर टी-शर्ट मिळतो. त्यावर लिहिलेलं असतं की मी डच सरकार हॅक केलं आणि मला मिळाला तर काय, हा भिकार टी-शर्ट. ऑफिसमधला एक मुलगा तो घालून फिरतो, पदक लावल्यासारखा. नियम साधे: गरजेपुरतंच बघा, माहिती उतरवून घेऊ नका, दुरुस्त होईपर्यंत बोलू नका. मग सहसा तक्रार होत नाही. २०१३ पासून हे लेखी आहे.

शेजारी जर्मनीत उलटं झालं. २०२१ मध्ये लिलिथ विटमान या संशोधिकेने सीडीयू पक्षाच्या प्रचार अॅपमध्ये कार्यकर्त्यांची माहिती उघडी पडलेली दाखवली, पक्षाने तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. मग केऑस कॉम्प्युटर क्लब या तिथल्या हॅकरांच्या संघटनेने जाहीर केलं की यापुढे या पक्षाचे दोष आम्ही कळवणार नाही, तुमचं तुम्ही बघा. तक्रार मागे घेतली, माफीही मागितली.

सातारी_कंदी

सगळे परदेशात फिरून आले, मुंबईचं कुणी बोलेना. २०१० मध्ये हरी प्रसाद आणि दोन परदेशी संशोधकांनी ईव्हीएम उघडून त्यातले दोष दाखवले. त्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस हैदराबादला जाऊन हरी प्रसादना घेऊन आले. यंत्र कुणी दिलं ते सांगा म्हणून. त्यांनी नाव सांगितलं नाही. आठवडाभराने जामीन. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ईएफएफ या डिजिटल हक्कांच्या संस्थेने त्यांना पुरस्कार दिला. आता बोला. तेव्हापासून आजपर्यंत या ईव्हीएमच्या

संपादक

सातारी_कंदी, प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. अटकेचा उल्लेख विषयाला धरून आहे म्हणून ठेवला. ते यंत्र सरकारी ताब्यातून चोरीला गेल्याची तक्रार होती आणि निवडणूक आयोगाने संशोधकांचे निष्कर्ष मान्य केले नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. ईव्हीएमवर आधीच चार धागे चालू आहेत, तिथे जावे.

सातारी_कंदी

जातो. पण चहा न पाजता हाकललंत.

पी१_शोधतोय

नाशिकहून. कॉलेज करतो आणि रात्री बग बाउंटी, म्हणजे कंपन्यांचे दोष शोधून बक्षीस मिळवायचं. इथे सगळे काका-ताई कायद्याचं बोलतायत, मी पोटाचं बोलतो.

ज्या कंपन्यांचा कार्यक्रम जाहीर असतो तिथे स्कोप लिहिलेला असतो: ही डोमेनं बघा, त्यांना हात लावू नका. स्कोपमध्ये राहिलं तर ती परवानगीच झाली, वकीलीण बाई बरोबर ना? मग रेकॉन (आधीची टेहळणी) करायचं, रिपोर्ट लिहायचा, ट्रायाजवाले (आलेले रिपोर्ट चाळणारे) वाचणार. बहुतेक वेळा उत्तर येतं 'डुप्लिकेट', म्हणजे तुमच्याआधी कुणीतरी दिलाय. किंवा 'इन्फर्मेटिव्ह', म्हणजे माहितीबद्दल आभार, पैसे नाहीत. यूट्यूबवरचे लोक एकच मोठा चेक दाखवतात, बाकीचे महिने दाखवत नाहीत.

पण मोठे चेक खरे असतात. चेन्नईच्या लक्ष्मण मुथय्याला २०१९ मध्ये इन्स्टाग्रामचे ३०,००० डॉलर मिळाले, आणि तो बग पोर्टबावीस दादांच्या डीएनएससारखाच, आकडा ओळखायचा खेळ. पासवर्ड बदलायला सहा आकडी कोड येतो, शक्यता दहा लाख, मुदत दहा मिनिटं. एका आयपीवरून (नेटवरच्या एका पत्त्यावरून) ठरावीक प्रयत्नांनंतर अडवायचे. त्याने १,००० आयपींवरून दोन लाख प्रयत्न पाठवून दाखवलं की कुणी अडवत नाही. पाच हजार आयपी लावले तर कुणाचंही खातं उघडेल, खर्च साधारण १५० डॉलर. दुसऱ्याचं खातं उघडायची त्याला गरजच पडली नाही, सिद्ध करण्यापुरतं केलं आणि कळवलं.

सरकारी बाजूचं सांगायचं तर मे २०२० मध्ये आरोग्य सेतूचा कोड खुला केला आणि बक्षीस ठेवलं, एक लाखापर्यंत. परदेशी संशोधकाने जाहीर टीका केल्यावर जाग आली, पण आली. २०२२ मध्ये आधारवाल्यांनी कार्यक्रम काढला तर फक्त २० निवडक लोक. आमच्यासारख्यांना दार बंदच. आमच्या महापालिकेचं, एसटीचं, विद्यापीठाचं काय? तिथे मी बघतच नाही. दिसलं तरी टॅब बंद करतो. आईला शपथ घातलीय तिने.

वकीलीण_बाई

पी१, स्कोप लेखी असेल आणि तू त्यात राहिलास तर ती परवानगीच. त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव, कंपन्या स्कोप बदलतात. (आणि आईने शपथ घातली की तू, ते वाक्य जरा तपास.)

निवृत्त_शाखाधिकारी

या मुलाचं 'टॅब बंद करतो' वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लहान बँकेने करायचं काय? बक्षिसाला पैसे नाहीत. आयटीत माणसं दोन, त्यातला एक प्रिंटर दुरुस्त करतो.

पोर्टबावीस

साहेब, पैसे लागतच नाहीत सुरुवातीला. साइटवर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी फाइल ठेवायची. दोष कुठे कळवायचा तो पत्ता, आणि ती माहिती कधीपर्यंत लागू आहे ती मुदत. २०२२ मध्ये याचं प्रमाणित स्वरूपही ठरलं. जोडीला अर्ध्या पानाचं धोरण: काय तपासलेलं चालेल, काय नाही, नियम पाळलेत तर आम्ही तक्रार करणार नाही, आणि सात दिवसांत पोच देऊ. बक्षीस नसेल तर 'बक्षीस नाही' असं लिहा. खंडणीवाले तिथेच गळतात, कारण त्यांना हवं ते तिथे नाही. खरा माणूस आभाराच्या पत्रावरही खूश होतो, ते नोकरीच्या अर्जाला जोडता येतं.

एक मात्र आहे. पत्त्यावर आलेली मेल कुणीतरी वाचली पाहिजे. प्रिंटरवाल्याला ते काम द्या, तो निदान गोष्टी उघडून बघणारा आहे.

निवृत्त_शाखाधिकारी

अर्ध्या पानाचा मसुदा इथे टाका. आताच्या सीईओंना ओळखतो, दाखवतो. शब्द मात्र 'हॅकर' नको, बैठकीत पास होणार नाही.

पोर्टबावीस

रविवारी टाकतो. वकीलीण बाई, डोळ्याखालून घालाल?

वकीलीण_बाई

घालते. 'तक्रार करणार नाही' हे वाक्य बँक लिहील, पण माहिती तिसऱ्या माणसाची असेल तर तो तक्रार करू शकतो. ते कलम मी लिहिते.

अकरावीची_आई

धागा वाचून मुलाला दाखवला, तो आता हॅकरच व्हायचं म्हणतोय. 😅 घरी बसून, कुणाच्या साइटला हात न लावता शिकता येतं का? क्लासवाले दीड लाख मागतायत.

पी१_शोधतोय

ताई, दीड लाख अजिबात देऊ नका. पिकोसीटीएफ म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठाचं फुकट आहे, शाळकरी मुलांसाठीच बनवलेलं, कोड्यांसारखं. नंतर ओवास्पचं ज्यूस शॉप: मुद्दाम भोकं ठेवलेलं खोटं दुकान, स्वतःच्याच संगणकावर चालवायचं आणि फोडायचं. पोर्टस्विगरची वेब अकॅडमीही फुकट. पुण्यात-मुंबईत असाल तर नल या सुरक्षावाल्यांच्या गटाच्या बैठका असतात, पैसे लागत नाहीत, नवखा आला तरी कुणी हसत नाही. पुण्याला ही परंपरा जुनी आहे, क्लबहॅक ही हॅकर परिषद २००७ ला तिथेच झाली होती. गोव्याची नलकॉन मोठी, ती नंतर.

पहिला गृहपाठ: घरचा राउटर. पासवर्ड अजून कंपनीने दिलेलाच आहे का ते बघायला सांगा.

वकीलीण_बाई

पासवर्ड खुशाल बदला. पण राउटर इंटरनेटवाल्याने भाड्याने दिलेला असेल तर त्याच्या आतलं सॉफ्टवेअर उचकटायला लावू नका, तो त्यांच्या मालकीचा. आधी बिल बघा.